गणपाची झील

श्रावण लागला तरी पिंपळेश्वर प्रासादिक भजन मंडळाची पेटी खाटेखालून बाहेर आली नव्हती. एरवी आषाढी झाली की काळाचौकीच्या त्या चाळीत दर रविवारी तालीम बसायची आणि शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. यंदा चाळच नव्हती. बिल्डरनं ती पाडून भोवती पत्रे मारले होते, आणि माणसं भाडं परवडेल तिकडे पांगली होती. कुणी दिव्याला, कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला. गुणाजी परब आणि त्याची बायको ललिता यांना मात्र जवळच्याच संक्रमण शिबिरात खोली मिळाली. लोक त्यांना नशीबवान म्हणायचे. ज्यांच्यात आयुष्य गेलं ती माणसं उठून गेल्यावर नुसत्या जागेला काय चाटायचं, असं गुणाजी म्हणायचा.

गुणाजी मंडळाचा बुवा. दिवसा फणसवाडीतल्या छापखान्यात बाइंडर. दाभणानं छापील पानांचे फर्मे शिवायचे, पाठीला खळ लावायची, दाबात घालायचं. बोटांना कायम खळीचा वास. त्याच बोटांनी संध्याकाळी पेटी वाजवायचा, म्हणून पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांनाही तो वास लागला होता.

हितेंद्रचा फोन आला तेव्हा तो जेवत होता. हितेंद्र मंडळाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण सदा घोड्यावर बसलेला.

"बुवा, चतुर्थीला संध्याकाळी शिबिराच्या मंडपात भजन आपलंच ना?"

"भजन करूक माणसा खय आसत?"

"म्हणून तर फोन केला. ऑनलाइन तालीम घ्या. पोरं अख्खी शाळा मोबाइलवर शिकली, आपल्याला एक भजन जमणार नाय? रविवारी लिंक टाकतो. पण चतुर्थीच्या आधीच्या रविवारपर्यंत बसलं पाहिजे हां. नायतर मी स्पीकरवाल्याला सांगतो. कमिटी माझ्या डोक्यावर बसलीय."

"स्पीकरवर गातलो कोण?"

"गायला कशाला कोण पाहिजे? पेन ड्राइव्ह आहे की."

गुणाजीचा हात ताटात तसाच राहिला. त्याच्या आज्यानं गिरणीच्या पाळीवरून सुटून, अंगावरचा कापूस झटकून हे मंडळ उभं केलं होतं. ते पेन ड्राइव्हवर संपायचं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"करा वो क्लास," ललिता म्हणाली. ती सकाळी घावणे आणि दुपारचे डबे करून द्यायची, ऑर्डरी मोबाइलवर घ्यायची, त्यामुळे त्या यंत्राची तिला भीती नव्हती. "मोबाइल मी लावतंय. तुमी नुसते गावा."

नुसतं गावा, हे बोलायला सोपं होतं.

पहिल्या रविवारी ललितानं स्टुलावर तांदळाचा डबा ठेवला, डब्याला खलबत्ता टेकवला आणि दोहोंच्या फटीत मोबाइल उभा केला. गुणाजी आंघोळ करून, बुक्का लावून, स्वच्छ सदरा घालून पेटीसमोर बसला. चौकोन उघडू लागले. कुणाचं नुसतं कपाळ, कुणाची हनुवटी, कुणाच्या डोक्यावर वाळत घातलेला टॉवेल. बदलापूरची आकांक्षा तेवढी पूर्ण दिसत होती. ती चाळीतच वाढलेली, आता बँकेत नोकरीला. बायकांनी मंडळात झांजा घ्यायची पद्धत नव्हती, पण माणसं कमी पडायला लागली तशी पद्धत आपोआप मऊ झाली होती.

शेवटच्या चौकोनात माणूस नव्हता. छताचा पंखा होता.

"ह्यो पंखो कोणाचो?" गुणाजीनं विचारलं.

"काका, मी मेघना. नालासोपाऱ्याहून. बाबांना ऐकायचंय."

गुणाजी मोबाइलकडे वाकला. बाबा म्हणजे गणपत धुरी. मेघना त्याची सून.

"त्याचो चेहरो दाखव की गो."

"नको म्हणतात. खुणेनं सांगतात. मोबाइल कॉटच्या दांडीला क्लिपनं अडकवलाय, वर तोंड करून. चालेल ना?"

"चलात. रवांदे तसोच."

गणपत कोण, हे समजायचं तर भजन कसं चालतं ते ठाऊक पाहिजे. बुवा ओळ पुरी म्हणत नाही. अर्ध्यावर सोडतो, आणि मागे बसलेले ती उचलून पुरी करतात. या उचलण्याला झील म्हणतात. मागे कितीही माणसं असली तरी पहिला गळा एकाचाच असतो, त्याच्या मागून बाकीचे येतात. पिंपळेश्वर मंडळात तो गळा गणपतचा. हातात झांज, डोळे मिटलेले आणि गळा असा की सोडलेली ओळ जमिनीला लागायच्या आत वर. गुणाजीला कित्येकदा वाटायचं, आपण ओळ कुठं सोडणार हे आपल्याआधी ह्या गणपालाच कळतं. दोघं एकाच गावचे, एकाच जिन्यावर वाढलेले, आणि गुणाजीनं मिसरूड फुटल्यापासून त्याच्याशिवाय एकही भजन केलं नव्हतं.

चैत्रात गणपतला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गुणाजी नालासोपाऱ्याला भेटायला गेला तेव्हा गणपतनं त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गुणाजी त्याच्या पाठीशी बसून राहिला. चहा प्याला, निघाला. त्यानंतर तो गेला नाही. कुणी विचारलंच तर छापखान्यात सीझन आहे म्हणायचा. बाराही महिने सीझन असलेला असा छापखाना मुंबईत दुसरा नसेल.

"चला," गुणाजी म्हणाला आणि त्यानं भाता ओढला.

मोबाइलमध्ये सगळ्यांचे चेहरे प्रश्नार्थक झाले.

"बुवा, पेटी येत नाय!" हितेंद्र ओरडला. "नुसते तुम्ही दिसताय. आणि कोण बाई कोणाला तरी टमरेलावरून शिव्या देतेय, ते मस्त येतंय!"

ती शेजारच्या खोलीतली भांडणं होती. ललितानं लगबगीनं दार लोटलं. आकांक्षा समजावू लागली. "बुवा, ह्या ॲपला फक्त माणसाचा आवाज कळतो. बाकी सगळा त्याला गोंगाट वाटतो, मग ते कापून टाकतं. पेटी, पखवाज सगळं. झांज तर पहिली."

"म्हणजे भांडाण पोचता आणि झांज पोचत नाय?"

"तसंच. काकी, वर 'मूळ आवाज' असं बटण आहे बघा. आधी सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं."

ललितानं चष्मा चढवला. कुठल्या कुठल्या पानांत शिरून, दोनदा सगळ्यांना घालवून आणि परत बोलावून तिनं ते बटण शोधलं. पेटी ऐकू आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणाजीनं गजर धरला. हा गजर गणपतच्या वडिलांनी बांधलेला, मंडळाचा घरचा.

"मोरया ये, डोंगर उतरून..."

आणि त्यानं ओळ सोडली.

'ये माझ्या दारी' हे तीन शब्द दिव्याहून आले, बदलापूरहून आले, विरारहून आले. प्रत्येक जण आपापल्या वेळेला आला. जिन्यावरून भांड्यांचं टोपलं सांडावं तसा आवाज झाला. पहिल्याचं 'ये' संपायच्या आत दुसऱ्याचं 'दारी' आणि तिसरा अजून डोंगरावरच.

"लॅग आहे बुवा," आकांक्षा म्हणाली. "आवाज पोचायला वेळ लागतो, प्रत्येकाला वेगळा. एकत्र म्हणता येणारच नाही. सगळ्यांना म्यूट करायला पाहिजे. तुम्ही म्हणा, आम्ही आपापल्या घरी मागे म्हणू."

"माका ऐकाक येतला?"

"नाही. पण आम्ही म्हणत असू."

"करा तर बंद," गुणाजी म्हणाला. मग घाईनं, "गणपाक नको. त्याचो आवाज चालू रवांदे."

"ते काय बोलतायत बुवा..." हितेंद्र म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

"रवांदे म्हटलंय मां?"

तर सगळे बंद झाले. गुणाजीनं पुन्हा गजर धरला. ओळ सोडली. चौकोनांतली तोंडं हलली, आवाज काही आला नाही. गुणाजी थांबला. इतक्या वर्षांची सवय, सोडलेली ओळ कुणीतरी आणून दिल्याशिवाय त्याला पुढं जाताच येईना. पेटीचा भाता हळूहळू बसला. पंख्याचा चौकोन मात्र थरथरला, जागच्या जागी दचकल्यासारखा, आणि स्थिर झाला.

"ह्यांची रेंज बरी नाय," गुणाजी पुटपुटला आणि त्यानं आपली ओळ आपणच उचलून पुरी केली. आपलीच पाठ आपण खाजवावी, असं झालं.

पुढचे रविवार असेच गेले. एकदा त्यानं अख्खा अभंग जीव ओतून गायला, डोळे उघडले, तर सगळे हात हलवत होते. त्याचाच आवाज बंद होता. एकदा डेटा संपला. एकदा कुकरच्या शिट्टीनं गवळणीचा गळा घोटला. कारण 'मूळ आवाज' चालू केल्यापासून कुकरही मंडळात दाखल झाला होता. ललिता रविवारी डाळ आधीच शिजवून ठेवू लागली. पोरं हसत, पण यायची. आकांक्षा तर ऑफिसातून थकून आलेली असली तरी वही घेऊन बसायची, नि चुकलं की आपल्याच कपाळावर चापट मारून घ्यायची.

आणि दर रविवारी तो पंखा. ओळ सोडली की चौकोन थरथरायचा. गुणाजीच्या डोळ्यांना त्याचा त्रास व्हायचा. "मेघनाक सांग, मोबाइल जरा घट्ट बांध म्हणान," तो ललिताला सांगायचा. तिनं निरोपही धाडला होता. मेघनानं अंगठा पाठवला. पुढच्या रविवारी पंखा तसाच थरथरला.

गुणाजीला त्या चौकोनातून काय हवं होतं ते तो कुणाला सांगत नसे. ललिताला ते न सांगता कळायचं. एखादं खोकणं चाललं असतं. एखादं कण्हणं. आवाज चालू ठेवला होता तो त्यासाठीच. पण तिकडून काही म्हणजे काही यायचं नाही, श्वाससुद्धा नाही, आणि क्लास संपला की गुणाजी पेटीवर कापड घालून खिडकीपाशी उभा राहायचा. समोर पत्र्यांच्या कुंपणामागे चाळ होती तिथं आता एक खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी साठलं होतं. बेडूक ओरडायचे. काळाचौकीत बेडूक ऐकायची वेळ येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

छापखान्यात फर्मे शिवताना तो गजर गुणगुणायचा. ओळ सोडायचा नि दाभण हातात तसंच धरून थांबायचा. मालक गौतमशेठ म्हणायचा, "परब, झोप लागली काय?"

एका सकाळी ललिता घावणे काढत होती. तव्यावर पीठ चर्र करत होतं, नारळाच्या शेंडीनं ती तेल फिरवत होती. गुणाजी दाढी करता करता गुणगुणला, "डोंगर उतरून..." आणि थांबला. ललिताच्या तोंडून आपसूक आलं, "ये माझ्या दारी."

सूर चांगला होता. इतकी वर्षं दाराआडून ऐकलेलं, चुकणार कसं?

"तू गप," गुणाजी म्हणाला.

ती गप्प झाली. तव्यावरचा घावणा करपला. तिनं तो काढून आपल्या ताटलीत ठेवला, दुसरा घातला. डबा भरताना झाकण जरा जास्तच जोरात बसलं. गुणाजीला कळलं, पण दाढीचा साबण तोंडावर होता, आणि माफी मागायची सवय नव्हती. दिवसभर ते त्याला सलत राहिलं.

चतुर्थीच्या आधीचा रविवार आला. क्लास सुरू व्हायच्या आधी हितेंद्रनं एकट्याला फोन केला.

"बुवा, स्पष्ट बोलू? सगळ्यांचं पाठ झालंय. पण मंडपात झील पहिली कोण उचलणार ते ठरवा. तुम्ही ओळ सोडून बघत बसता, लोकांना वाटतं नेट गेलं. आकांक्षाचा गळा तयार आहे. तिला द्या. आज ठरलं नाय तर मी स्पीकरवाल्याला ॲडव्हान्स देतो, मग मला बोलू नका."

"झील गणपाची आसा."

"गणपतकाका आता नाय म्हणू शकत, बुवा."

"माका म्हायत आसा ता."

"मग?"

कुणाला ती जागा दिली की गणपा गेला, असं गुणाजीला वाटत होतं. जिता माणूस आपल्या हातानं उठवायचा कसा? त्यानं फोन ठेवला, बुक्का लावला आणि पेटीसमोर बसला.

बाहेर आभाळ दाटलं होतं, रेंज येत-जात होती. ललितानं स्टूल उचलून दारात, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवलं. गुणाजी पेटीसकट उंबऱ्याला सरकला. चौकोन उघडले. पंखाही आला.

"मोरया ये, डोंगर उतरून..."

ललिता भिंतीला टेकून बसली होती. त्या सकाळपासून ती भजनाचा एक शब्द ओठावर येऊ देत नव्हती. गायचं नाही तर निदान बघावं, म्हणून ती मोबाइलकडे बघत होती. पंखा थरथरला. थांबला. गुणाजीनं स्वतःच झील पुरी केली, ठेका वाढवला, पुन्हा ओळ सोडली. पंखा थरथरला.

ललिता पुढं सरकली.

रेंज जाते तेव्हा चित्र गोठतं किंवा फाटतं. हे तसं नव्हतं. हा पंखा उडत होता. गुणाजीनं ठेका बदलला की उडण्याचा ठेका बदलत होता, जरासा मागून. आणि ओळ सुटली की नेमका एक मोठा झटका.

"अवो, थांबा."

"मधी बोलू नको."

"थांबा म्हणतंय मां! ह्यो पंखो ठेक्यात हलता!"

गुणाजीनं भाता सोडला. पंखा आणखी थोडा हलला आणि राहिला.

"आकांक्षा, गो, सगळ्यांचे आवाज उघड," ललिता म्हणाली. "मेघना! अगो मेघना! हयसर ये बघू!"

नालासोपाऱ्याच्या खोलीत ती हाक बराच वेळ घुमली असणार. मग पावलं वाजली. "काय झालं काकी?"

"मोबाइल खाली कर. बाबा काय करतत ता दाखव. रागावले तरी चलात."

पंखा कलंडला, भिंत गेली, खिडकीची जाळी गेली आणि गणपत दिसला. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. कॉटच्या लोखंडी दांडीला परकराच्या नाडीनं एक झांज बांधली होती. दुसरी त्याच्या डाव्या हातात होती. मोबाइल आतापर्यंत त्याच दांडीला अडकवलेला होता, झांज आदळली की तोही हलायचा.

विरारच्या कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"क्लास लागला की वाजवतात ना," मेघना म्हणाली. तिला अजून काही उमगलं नव्हतं. "पहिल्या दिवशीच झांज बांधायला लावली. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. का, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाय गो," गुणाजी म्हणाला. "एकदा पण नाय."

"अरे देवा. आम्हाला वाटलं..." ती थांबली. "काका, ते वाजवायचे नि तुम्ही गायचंच थांबायचात. तोंड असं करायचात. मग ते रडायचे, आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटायचं, आपलं चुकतंय, डाव्या हाताला ठेका येत नाही, म्हणून बुवांना आवडत नाही. मी म्हणायचे, राहू द्या बाबा, नका वाजवू. पण पुढच्या रविवारी परत नाडी आणायला सांगायचे."

गुणाजीनं दोन्ही हात पेटीवर ठेवले. चौकोनातला गणपत त्याच्याकडे बघत होता, आणि यावेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. फिरवायला तिकडे भिंत नव्हती, की त्याला फिरवायचंच नव्हतं, कोण जाणे.

"गणपा," अखेर तो म्हणाला, "तुझा काय चुकला नाय रे. ह्या मोबाइलाक झांज कळना नाय. माका काय ऐकाकच येय नाय होता."

"'मूळ आवाज'!" आकांक्षा एकदम ओरडली. "त्यांच्या फोनवर ते बटण चालूच केलं नाहीये! मेघनाताई, सेटिंगमध्ये जा. नाही, ते नाही, मागे या. खाली. अजून खाली."

ललितानं खलबत्ता बाजूला सारून मोबाइल हातातच घेतला आणि तीही सांगू लागली. हितेंद्र तिसरंच काहीतरी सांगू लागला. मेघना एकदा बाहेर पडली, पुन्हा आली. "केलं. चालू दिसतंय."

"गणपा, वाजय."

गणपतचा डावा हात उचलला गेला. खोलीत झांज वाजली. मोबाइलच्या त्या एवढ्याशा भोकातून आली, पत्र्यावर पावसाचा टपोरा थेंब पडावा एवढीच, पण गणपाचीच. घाव घालून लगेच दाबून धरायची त्याची रीत होती, तशीच दाबलेली.

गुणाजीनं भाता ओढला. गजर चढवत न्यायचा असतो, त्यानं तो मुंगीच्या पावलांनी धरला. ओळ सोडली आणि थांबला. आता त्या थांबण्याला अर्थ होता. गेलेली ओळ काळाचौकीहून नालासोपाऱ्याला पोचतेय, गणपा ती उचलतोय, परत धाडतोय, एवढा वेळ लागणारच. झांज आली. मग त्यानं पुढची ओळ घेतली.

तसा तो गजर कुणी कधी ऐकला नसेल. इतका संथ की एखाद्याला झोप लागावी. पण कुणी झोपलं नाही. गजर संपला तेव्हा गुणाजी म्हणाला, "आकांक्षा, मंडपात झील तू धर."

आकांक्षा बघतच राहिली. "नक्की, बुवा?"

"धर. पण गणपाची झांज इल्याशिवाय धरू नको. आणि..." तो मोबाइलकडे न बघता बाजूला बघत म्हणाला, "हिका पण घे बरोबर. हिका येता सगळा."

ललितानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आता येता होय?"

क्लास संपल्यावर गुणाजी खिडकीपाशी गेला नाही. पेटीला कापड घालून तो बसून राहिला. दर रविवारी गणपा रडायचा आणि आपण रेंजला शिव्या देत होतो. एकदा, फक्त एकदा जरी नालासोपाऱ्याला गेलो असतो तर त्याच दिवशी कळलं असतं. बटण कसलं शोधायचं? जाऊन बसायचं होतं. तो पाठ फिरवून पडला तर पडला, पाठीशी बसायचं होतं.

चतुर्थीच्या सकाळी त्यानं पेटी चादरीत बांधली, त्यावर प्लास्टिक घातलं. ललितानं मोदकांचा डबा दिला.

हितेंद्रनं फोनवरच डोक्याला हात लावला. "बुवा, मंडपात बुवाच नाय? लोकांना काय सांगू?"

"सांग, बुवा ऑनलाइन आसत. तुझीच आयडिया ती."

संध्याकाळी शिबिराच्या मंडपात आरती झाली. हितेंद्रनं ललिताचा मोबाइल स्पीकरला जोडला. ही कामगिरी मात्र त्यानं चोख केली. बदलापूरहून, दिव्याहून, विरारहून सगळे आले होते. सतरंजीवर पुढं झांजा घेऊन आकांक्षा आणि ललिता बसल्या होत्या. बुवाची जागा रिकामी होती, तिथं पाटावर मोबाइल.

नालासोपाऱ्याच्या खोलीत मेघनानं दुसरा मोबाइल उशीला टेकवून ठेवला होता. गुणाजी कॉटच्या कडेला जमिनीवर पेटी घेऊन बसला. त्यानं आल्या आल्या गणपतची दाढी केली होती, स्वतःच्या हातानं, साबण लावून. गणपतनं सुरुवातीला मान फिरवली, मग दुसरा गाल पुढे केला. दांडीची नाडीही गुणाजीनं सोडून पुन्हा बांधली, छापखान्यातली गाठ मारून.

"बसले काय सगळे?" त्यानं मोबाइलला विचारलं.

जरा वेळानं ललिताचा आवाज आला, "बसलेव. घेवा."

"मोरया ये, डोंगर उतरून..."

त्यानं ओळ सोडली, आणि कानाशीच झांज वाजली. वाट बघावीच लागली नाही. दांडी थरथरली, कॉट थरथरली, गुणाजीच्या पाठीला तो घाव लागला. तो मंडपातल्या आवाजाची वाट बघत बसला. आता त्याची सवय झाली होती. मग मोबाइलमधून झील आली. आधी ललिताचा गळा, लगोलग आकांक्षाचा, मागून सगळी चाळ.

गुणाजीनं वर पाहिलं. गणपतचे डोळे मिटलेले होते. तोंडाची डावी बाजू हलत होती. ये. माझ्या. दारी. आवाज नव्हता, तरी एकेक अक्षर तो ओठांवर ओढून आणत होता. मंडपातली झील केव्हाच संपली, स्पीकरमधून कुणी तरी "बुवा, हॅलो, आवाज येतोय का?" म्हणून विचारू लागलं. गुणाजीनं भाता तसाच धरून ठेवला आणि गणपतचे ओठ मिटेपर्यंत पुढची ओळ घेतली नाही.